मागच्या ड्रम ब्रेकचे शू: तपासणी, बदल आणि जुळवणी

पुढचे डिस्क पॅड चाकाच्या जाळीतून डोकावले तरी दिसतात. मागचे ब्रेक शू चाकासोबत फिरणाऱ्या ड्रमच्या आत झाकलेले असतात, आणि ब्रेकिंगचा मोठा भार पुढची चाके उचलत असल्याने ते झिजतातही सावकाश. त्यामुळे कित्येक गाड्यांचा मागचा ड्रम वर्षानुवर्षे उघडलाच जात नाही. तेवढ्या काळात ॲडजस्टर गंजून जाम होतो, व्हील सिलिंडर पाझरायला लागतो, हँडब्रेक दिवसेंदिवस जास्त वर ओढावा लागतो आणि मग कोणीतरी केबल ताणून वेळ मारून नेतो. सगळ्यात जास्त घोटाळा या शेवटच्या उपायानेच होतो. ड्रम ब्रेकचे सगळे गणित शू आणि ड्रम यांच्यामधल्या अंतरावर चालते. नवे शू बसवूनही पेडल खोल जात असेल, तर बहुतेक वेळा दोष शूचा नसतो, जुळवणीचा असतो. म्हणून इथे काढण्या-घालण्याइतकीच जागा जुळवणीला दिली आहे.

लहान गाड्यांत सर्रास आढळणारी रचना अशी: वर एक व्हील सिलिंडर, खाली स्थिर टेकू आणि त्यांच्यामध्ये दोन अर्धगोल शू. पेडल दाबले की सिलिंडरचे दोन पिस्टन शूची वरची टोके बाहेर ढकलतात. गाडी पुढे जाताना पुढच्या बाजूचा शू ड्रमच्या फिरण्यामुळे आपोआप आणखी घट्ट आवळला जातो, मागच्या शूला मात्र ड्रम ढकलून लावतो. म्हणून या रचनेत पुढचा शू जास्त झिजतो आणि त्यात घाबरण्यासारखे काही नाही. हँडब्रेकचा लिव्हर बहुधा मागच्या शूला जोडलेला असतो. दोन्ही शूंच्या मध्ये आडवी पट्टी असते, आणि लायनर (शूवरचा घासणारा थर) झिजत जाईल तशी हिची लांबी वाढवणारा ॲडजस्टर तिच्यातच असतो.

उघडण्याआधी काय कळते

हँडब्रेक पूर्वीपेक्षा बऱ्याच जास्त टिकटिकींनंतर धरत असेल, किंवा पेडल पहिल्या दाबाला खोल जाऊन लगेच दुसऱ्या दाबाला वर येत असेल, तर शू ड्रमपासून लांब गेलेले आहेत. मागून धातूवर धातू घासल्यासारखा आवाज येत असेल तर लायनर संपून रिव्हेट किंवा शूचे लोखंड ड्रमला लागते आहे. ही गाडी चालवू नका. टायरच्या आतल्या बाजूला ओल दिसली तर एकतर ब्रेक फ्लुइड पाझरते आहे किंवा हबचे (चाक ज्यावर बसते त्या मधल्या भागाचे) ग्रीस अथवा ॲक्सलचे तेल सील फोडून बाहेर येते आहे. थोडे अंतर चालवून थांबल्यावर मागचे एकच चाक दुसऱ्यापेक्षा स्पष्ट गरम लागत असेल, तर त्या बाजूचा शू सुटत नाही. रिमजवळ हात फक्त नेऊन पाहा, ड्रमला थेट स्पर्श करू नका.

सामान

शू नेहमी दोन्ही मागच्या चाकांचे एकदम बदलायचे, म्हणजे चार शूंचा पूर्ण संच. एकाच बाजूचे बदलले तर दोन चाकांची पकड वेगळी होते आणि ओल्या रस्त्यावर गाडीचा मागचा भाग घसरू शकतो. शूंसोबत स्प्रिंग आणि शूला जागेवर धरणाऱ्या पिना-वाट्या यांचा संच नवा घ्या. जुनी स्प्रिंग वरून ठीक दिसते, पण वर्षानुवर्षे तापून-थंड होऊन तिचा ताण गेलेला असतो, आणि ढिली स्प्रिंग शूला पूर्ण मागे ओढत नाही. याशिवाय ब्रेक क्लीनरचे १–२ डबे, ब्रेकसाठीचे उच्च तापमान सोसणारे ग्रीस, गाडीला सांगितलेल्या प्रतीचे (बहुधा डॉट ३ किंवा डॉट ४) ब्रेक फ्लुइड, आणि ड्रम हबसकट निघणारा असेल तर नवी काटपिन किंवा नवा हब नट.

ज्याला आपण सवयीने ब्रेक ऑइल म्हणतो ते तेल नव्हे. त्यात इंजिन ऑइल किंवा कुठलेही खनिज तेल चुकून गेले तर सिलिंडरमधली रबरे फुगतात आणि पूर्ण ब्रेक यंत्रणा निकामी होते. मोजणीचे भांडे, फनेल, पिचकारी हे सगळे वेगळे आणि स्वच्छ ठेवा.

हत्यारांत जॅक, दोन जॅक स्टँड, चाकांना लावायला उटी (गाडी घरंगळू नये म्हणून ठेवायच्या पाचरा), टॉर्क पाना (ठरलेल्या जोरानेच नट आवळणारा), साधी आणि लांब नाकाची पक्कड, स्प्रिंग ओढायचे हत्यार, दोन चपटे स्क्रू ड्रायव्हर, रबरी किंवा लाकडी हातोडी, व्हर्नियर, तारेचा ब्रश आणि १०० नंबरच्या आसपासचा एमरी पेपर लागतो. चष्मा, हातमोजे आणि धूळ अडवणारा मास्क घातल्याशिवाय ड्रम उघडू नका. स्प्रिंग सुटून उडते ती थेट चेहऱ्याच्या दिशेने.

ड्रम काढणे

जागा सपाट आणि टणक हवी. पुढच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून उटी लावा. पुढच्या चाकांवर चालणारी गाडी असेल तर पहिल्या गिअरमध्ये टाका. चाकाचे नट जमिनीवरच अर्धा वेढा सैल करा, मग गाडी उचला आणि उत्पादकाने दाखवलेल्या जागी स्टँड लावा. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली हातही घालायचा नाही. आता हँडब्रेक पूर्ण खाली सोडा. तो ओढलेला असताना ड्रम निघणार नाही.

ड्रम हबवर नुसता बसवलेला असेल तर एक-दोन लहान स्क्रू काढल्यावर तो सुटायला हवा. बहुधा सुटत नाही, कारण हबच्या कडेला गंज धरलेला असतो. मधल्या गोल भागावर गंज सोडवणारे द्रव थोडेसे फवारा, १०–१५ मिनिटे थांबा आणि चाकाच्या बोल्टांच्या मधल्या सपाट भागावर हातोडीने फिरत-फिरत ठोका. कडेवर ठोकू नका. ड्रम बीडाचा असतो, तडकतो. अनेक ड्रमना दोन आटे पाडलेली भोके असतात. त्यांत ८ मिमी जाडीचे योग्य आट्याचे दोन बोल्ट घालून आळीपाळीने पाव-पाव वेढा आवळले की ड्रम सरळ बाहेर ढकलला जातो. एकच बोल्ट आवळत राहिलात तर ड्रम तिरका होऊन जास्तच अडकेल.

ड्रम फिरतो पण बाहेर येत नाही, तेव्हा जुन्या ड्रमच्या कडेला उरलेली धार शूवर अडते आहे असे समजा. बॅकप्लेटच्या (शू ज्यावर बसवलेले असतात त्या स्थिर पत्र्याच्या) मागचे रबरी बूच काढा. आत दातेरी चक्री असेल तर एका स्क्रू ड्रायव्हरने तिच्यावरची कळ दूर धरून दुसऱ्याने चक्री उलटी फिरवा. टिकटिक करत सहज फिरते ती आवळायची दिशा; सैल करायच्या दिशेला कळ बाजूला धरल्याशिवाय ती फिरत नाही, यावरून दिशा ओळखता येते. काही गाड्यांत चक्रीऐवजी दातेरी पट्टी किंवा पाचर असते. तिथे त्याच भोकातून, किंवा चाकाच्या बोल्टच्या भोकातून, कळ वा पाचर हलवून शू जवळ आणावे लागतात.

हब आणि ड्रम एकसंध असेल तर मधले टोपण, काटपिन आणि मोठा नट काढावा लागतो. या नटाचा टॉर्क गाडीच्या माहितीपुस्तकातूनच घ्या. बंद बेअरिंगचा नट खूप मोठ्या टॉर्कने आवळायचा असतो, तर दोन सुट्या शंकूच्या बेअरिंगचा हाताने जुळवून जवळपास सैल ठेवायचा असतो. या दोहोंत गल्लत झाली की बेअरिंग जाते.

धूळ

आतली काळी धूळ फुंकू नका, हवेच्या दाबाने उडवू नका, कोरड्या ब्रशने झटकू नका. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असण्याची शक्यता असते, आणि नव्या लायनरची धूळही फुप्फुसांना चांगली नाही. खाली जुना ट्रे ठेवा, ब्रेक क्लीनरने वरून खाली भिजवून धूळ वाहून जाऊ द्या आणि फडक्याने टिपा. ते फडके पिशवीत बांधून टाका. एबीएस (ब्रेक लावताना चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) असेल तर हबजवळच्या सेन्सरची वायर कुठून जाते ते आधी पाहून ठेवा, म्हणजे ती ओढली जाणार नाही.

नीट बघण्याची वेळ

या टप्प्यावर घाई करू नका. काहीही सुटे करण्याआधी चांगल्या उजेडात दोन-तीन बाजूंनी फोटो काढा. कोणती स्प्रिंग कोणत्या भोकात, आकडा पुढून की मागून, तिचा रंग कोणता, हे सगळे फोटोत दिसले पाहिजे. आणि एका वेळी एकच बाजू उघडा. दुसरी बाजू तुमचा जिवंत नकाशा आहे, फक्त आरशातल्यासारखा उलटा.

लायनरची जाडी सगळ्यात पातळ जागी मोजा, शूचे लोखंड धरू नका. नवा लायनर सहसा ४–५ मिमीचा असतो. किमान जाडी माहितीपुस्तकात दिलेली असते, बहुधा १ मिमीच्या आसपास. रिव्हेटचा लायनर असेल तर रिव्हेटच्या डोक्यावर किती उरले आहे ते मोजायचे. किमान मापाच्या जवळ आलेले शू परत बसवून ड्रम बंद करण्यात अर्थ नाही, कारण पुढच्या वेळी उघडेपर्यंत ते संपलेले असतील. जाडी पुरेशी असली तरी लायनरला भेगा, लोखंडापासून सुटलेली कड, किंवा फ्लुइड वा ग्रीसचा डाग दिसला तर शू बाद. तेल प्यालेला लायनर घासून, धुऊन किंवा तापवून परत चांगला होत नाही. तो थंड असताना घसरतो आणि मधूनच चाक जाम करतो.

आता व्हील सिलिंडर. दोन्ही टोकांच्या रबरी टोप्यांची कड चपट्या, बोथट हत्याराने अलगद उचला. आत किंचित दमटपणा चालतो. थेंब साचला असेल किंवा गळत असेल तर सिलिंडर बदला, तोही दोन्ही बाजूंचा. नवे शू ओल्या सिलिंडरखाली बसवणे म्हणजे ते वाया घालवणे होय. हबच्या बाजूने आलेले ग्रीस दिसले तर आधी सील बदला, मग शू.

ड्रमच्या आतल्या पृष्ठभागावर बोट फिरवा. बारीक रेघा चालतात. नख अडकेल अशा खोल चरा, निळसर तापल्याचे डाग किंवा भेगा चालत नाहीत. भेग गेलेला ड्रम सरळ बदलायचा. ड्रमवर कमाल आतला व्यास कोरलेला किंवा ओतलेला असतो, आणि तो मूळ मापापेक्षा सहसा १ ते २ मिमीच जास्त असतो. व्यास कडेच्या धारेवर न मोजता शू घासतो त्या पट्ट्यावर, फिरवून किमान तीन जागी मोजा. तीन मापांत फरक आला तर ड्रम लंबगोल झाला आहे. हलक्या ब्रेकला पेडल थरथरते ते यामुळे. लेथवर घासून तो गोल करता येतो, पण घासल्यावरचे माप कमाल व्यासाच्या आतच राहायला हवे. ड्रम मोठा झाला की नव्या शूची गोलाई त्याच्याशी जुळत नाही. शू फक्त मधल्या भागात टेकतो आणि पूर्ण बसेपर्यंत ब्रेक कमी लागतो.

शेवटी बॅकप्लेट. शूच्या कडा जिथे टेकतात ते उंचवटे, प्रत्येक शूला बहुधा तीन, बघा. त्यांत खाच पडली असेल तर शू तिथे अडकतो आणि ब्रेक लावताना टक् असा आवाज येतो. लहान खाच कानशीने सपाट होते, खोल असेल तर बॅकप्लेट बदला. हँडब्रेकची केबल आवरणात सहज सरकते का, तिचे तार उकललेले नाहीत ना, हेही आत्ताच पाहा.

जुने शू उतरवणे

मागून पिनेचे डोके बोटाने धरा, समोरची वाटी पकडीने दाबून ९० अंश फिरवा. पिनेची चपटी टाच खाचेतून सुटते. दोन्ही शूंच्या पिना काढल्यावर मागच्या शूचे खालचे टोक टेकूतून बाहेर ओढा. त्यामुळे खालच्या स्प्रिंगचा ताण जातो आणि ती हाताने निघते. मग दोन्ही शूंची वरची टोके सिलिंडरच्या पिस्टनमधून सोडवा. वरच्या स्प्रिंगने आणि ॲडजस्टरने जोडलेली पूर्ण जोडी एकत्र हातात येते. केबलवरची स्प्रिंग पकडीने मागे दाबून केबलचे टोक लिव्हरच्या खाचेतून काढा. स्प्रिंगा एकेक ताणून काढण्यापेक्षा हा मार्ग सुरक्षित आहे, फक्त हबची थाळी मोठी असेल तिथे तो जमत नाही.

शू निघाल्याबरोबर सिलिंडरच्या दोन्ही पिस्टनवरून प्लॅस्टिकची पट्टी किंवा जाड रबर बांधा. या अवस्थेत कोणीही पेडल दाबले तर पिस्टन बाहेर पडतील आणि फ्लुइड सांडेल. गाडीत कोणी बसलेले नसावे.

नवे बसवणे

नवे शू जुन्यांशेजारी ठेवून ताडून पाहा: रुंदी, गोलाई, भोकांच्या जागा. हँडब्रेकचा लिव्हर जुन्या शूवरून काढून नव्यावर लावायचा असेल तर त्याची वाकवायची क्लिप नवीच वापरा आणि लिव्हर सैलपणे हलतो याची खात्री करा. पुढचा आणि मागचा शू वेगळा असतो, त्यांची अदलाबदल करू नका.

ॲडजस्टर पूर्ण उघडून तारेच्या ब्रशने साफ करा, आट्यांना ब्रेक ग्रीसचा पातळ हात द्या आणि बोटांनी शेवटपर्यंत आखूड करा. तो बोटांनी फिरत नसेल तर गाडीत बसवल्यावर आपोआप फिरण्याची आशा ठेवू नका. डाव्या आणि उजव्या चाकाच्या चक्रीच्या ॲडजस्टरचे आटे उलट दिशेचे असतात. ते अदलाबदल झाले तर प्रत्येक ब्रेकला शू ड्रमजवळ येण्याऐवजी लांब जातात आणि काही दिवसांत पेडल खाली जाते. एका वेळी एकच बाजू उघडण्याचे हे दुसरे कारण.

बॅकप्लेटच्या उंचवट्यांना आणि खालच्या टेकूला ग्रीसचा पुसटसा थर द्या. जास्त झालेले ग्रीस तापून वितळते आणि लायनरवर येते. साधे ग्रीस सिलिंडरच्या रबराजवळही नेऊ नका.

आता उलट क्रमाने: केबल लिव्हरला, वरची स्प्रिंग आणि ॲडजस्टर बसवलेली जोडी हबवरून जागेवर, वरची टोके पिस्टनच्या खाचांत, खालची स्प्रिंग लावून टोके टेकूत, मग पिना आणि वाट्या. पिस्टन बांधलेली पट्टी काढायला विसरू नका. सगळे बसल्यावर फोटोशी ताडा आणि जोडी हाताने पुढे-मागे हलवून बघा. ती मोकळी सरकली पाहिजे. बोटांचे ग्रीस लायनरला लागले असेल तर लगेच ब्रेक क्लीनरने पुसा. नव्या ड्रमला गंज लागू नये म्हणून तेलाचा थर दिलेला असतो, तो धुवा. जुन्या ड्रमची चकाकी एमरी पेपरने आडव्या-तिरक्या हाताने घालवा आणि मगच धुवा.

सिलिंडर बदलला असेल किंवा पाइप सुटला असेल तर ब्रेकच्या पाइपांत शिरलेली हवा काढल्याशिवाय गाडी हलवायची नाही. चाकांचा क्रम गाडीप्रमाणे बदलतो, तो माहितीपुस्तकातला पाळा. नुसते शू बदलताना हवा काढावी लागत नाही, पण पिस्टन आत ढकलले गेल्याने टाकीतली पातळी वर येते. ती कमालच्या रेषेवर गेली तर पिचकारीने थोडे काढून घ्या. सांडलेले फ्लुइड रंग खाते, लगेच पाण्याने धुवा.

जुळवणी: आधी शू, मग केबल

पहिली अट: हँडब्रेक सोडलेला असताना आतला लिव्हर शूवरच्या आपल्या टेकूला पूर्ण टेकलेला हवा. टेकत नसेल तर केबल जास्त ताणलेली आहे, ती पूर्ण सैल करा. केबल ताणलेली राहिली की लिव्हर आडव्या पट्टीला कायम ढकलत राहतो, शूची आरामाची जागा ॲडजस्टरऐवजी केबल ठरवते आणि आपोआप जुळण्याची व्यवस्था बंद पडते. वर हँडब्रेक घट्ट लागतो म्हणून सगळे ठीक वाटते. नवे लायनर काही महिन्यांत एका बाजूने झिजलेले सापडतात ते बऱ्याचदा याच कारणाने.

आता ॲडजस्टर थोडा-थोडा लांब करत ड्रम घालून पाहा. ड्रम किंचित घासत पण हाताने ढकलून बसला पाहिजे. ड्रम बसवून तो चाकाच्या दोन-तीन नटांनी दाबून धरा आणि पेडल काही वेळा दाबा, म्हणजे शू मध्यावर येतात. मग मागच्या भोकातून चक्री फिरवत ड्रम हाताने फिरवणे जड जाईल इतके आवळा, पुन्हा एकदा पेडल दाबा आणि कळ दूर धरून ड्रम मोकळा फिरेपर्यंत सैल करा. एका फेरीत कुठेतरी हलकीशी सरसर ऐकू आली तर चालेल, पण फेरीच्या एकाच ठिकाणी जोरात घासत असेल तर ड्रम लंबगोल आहे किंवा हबवर नीट बसलेला नाही. बाहेरून चक्री हाताळता येत नसेल तिथे इंजिन चालू करून पेडल २०–३० वेळा दाबा आणि हँडब्रेकही तितक्या वेळा ओढा. काही रचना पेडलवर जुळतात, काही हँडब्रेकवर.

दुसरी बाजू याच पद्धतीने पूर्ण करा. दोन्ही चाकांचा घासण्याचा आवाज आणि जडपणा सारखा वाटला की मगच केबलकडे वळा. हँडब्रेक माहितीपुस्तकातल्या टिकटिकींवर पूर्ण धरावा (अनेक लहान गाड्यांत हा आकडा ४ ते ८ च्या दरम्यान असतो), आणि सोडल्यावर दोन्ही चाके मोकळी फिरावीत. एका-दोन टिकटिकींतच चाक अडकत असेल तर केबल सैल करा.

चाके बसवा, नट ताऱ्याच्या क्रमाने हाताने लावा, गाडी खाली आणून टॉर्क पान्याने ठरलेल्या मापाला आवळा. इंजिन सुरू करण्याआधी आणि नंतर पेडल दाबून बघा. ते कडक आणि उंचावर लागले पाहिजे. लागत नसेल तर गाडी रस्त्यावर नेऊ नका, परत उघडा.

रस्त्यावर आणि त्यानंतर

मोकळ्या रस्त्यावर आधी अगदी हळू चालवून ब्रेक तपासा. मग साधारण ५० किमी वेगावरून मध्यम दाबाने १० किमीपर्यंत वेग उतरवायचा, असे १० ते १५ वेळा, मध्ये ड्रम थंड व्हायला अर्धा-एक मिनिट द्यायचा. पहिले २००–३०० किमी करकचून ब्रेक टाळा. नवा लायनर बसण्याआधी फार तापला तर त्यावर काचेसारखी चकाकी येते आणि तो किंचाळायला लागतो. साधारण ५०० किमीनंतर हँडब्रेकची टिकटिक परत मोजा. वाढली असेल तर आधी चक्री बघा, केबल नव्हे.

एखादे चाक गरम राहत असेल तर दोन शक्यता तपासा. पेडल सोडल्यावरही ते जड फिरत असेल आणि केबल पूर्ण सैल केल्यावर मोकळे झाले, तर केबल तिच्या आवरणात अडकली आहे. तरीही जडच राहिले तर शू जास्त आवळले आहेत किंवा पिस्टन गंजून परत येत नाही. गाडी ब्रेकला एका बाजूला ओढत असेल, किंवा एक मागचे चाक दुसऱ्याआधी जाम होत असेल, तर त्या चाकाचा लायनर तेलकट झाला आहे का ते पाहण्यासाठी ड्रम उघडा. बाहेरून जुळवणी करून हे दोष जात नाहीत.